वाईनची यादी कोणी लिहिली, ते आधी बघा

अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत प्रत्येक बऱ्या वस्तीत असं एक रेस्टॉरंट असतंच. टेबलावर पांढरं कापड नसतं, पण नॅपकिन कापडी असतो. बर्गर मिळतो, पण तो 24 डॉलरचा. शिवाय भाजलेली कोंबडी, एखादा स्टेक, सामन मासा आणि त्या आठवड्यात बाजारात जी भाजी आली असेल तिचं सॅलड. लोक इथे लग्नाच्या वाढदिवसाला येतात आणि मंगळवारी स्वयंपाकाचा कंटाळा आला म्हणूनही येतात. न्यूयॉर्कमध्ये डॅनी मेयर यांनी 1985 साली सुरू केलेलं युनियन स्क्वेअर कॅफे आणि सॅन फ्रान्सिस्कोमधलं 1979 पासूनचं झूनी कॅफे ही या प्रकारातली गाजलेली नावं.

आपली मंडळी अशा ठिकाणी बहुतेक वेळा ऑफिसच्या जेवणाला पोचतात, नाहीतर मुलाच्या ग्रॅज्युएशनला. मेन्यू प्रत्येकाला मिळतो, वाईनची यादी मात्र टेबलावर एकच येते. ती ज्याच्या हातात पडते तो पहिलं पान उलटतो, दुसरं उलटतो आणि शेवटी ‘तुम्हीच सांगा’ म्हणून ती शेजाऱ्याकडे सरकवतो.

ही यादी वाचायला फ्रान्सचा नकाशा पाठ असावा लागत नाही. एकच प्रश्न मनात धरून ती वाचावी, असं माझं मत आहे: ही यादी या रेस्टॉरंटमधल्या कोणी बसून, चाखून, निवडून केली आहे, की वितरकाच्या सेल्समनने भरून दिली आहे? याचं उत्तर यादीच देते, आणि ते एकदा कळलं की काय मागवायचं हे अर्ध्याहून अधिक ठरून जातं.

सेल्समन यादी कशी भरतो

अमेरिकेत 1920 ते 1933 या काळात दारूबंदी होती. घटनेच्या एकविसाव्या दुरुस्तीने ती उठली आणि दारूचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे गेला. बहुतेक राज्यांनी तीन पायऱ्यांची व्यवस्था केली. वाईन बनवणारा किंवा आयात करणारा ती वितरकाला विकतो, वितरक दुकानाला किंवा रेस्टॉरंटला विकतो आणि तिथून ती गिऱ्हाइकाकडे येते. काही राज्यांत वाईनरीला थेट रेस्टॉरंटला माल देता येतो, पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात तर सरकारी मंडळच मधला व्यापारी आहे. पण साधारणपणे रेस्टॉरंटमालकाचं रोजचं बोलणं असतं ते वितरकाशीच.

वितरकांमध्ये सदर्न ग्लेझर्ससारखे देशभर पसरलेले अवाढव्य आहेत आणि चार माणसांत चालणारे छोटेही आहेत. मोठ्या वितरकाकडे सगळंच असतं: व्होडका, टकिला, बिअर आणि वाईन. स्वयंपाकघर, पगार, भाडं यांतच बुडालेल्या मालकाला तो म्हणतो, ‘तू काळजी करू नको, मी बघतो.’ चार कॅलिफोर्नियाच्या, दोन इटलीच्या, एक न्यूझीलंडची, एक प्रोवाँसची गुलाबी. यादीही तोच छापून देऊ शकतो. मेन्यू कार्डं आणि दारूच्या याद्या जाहिरात-साहित्य म्हणून पुरवायला संघराज्याच्या नियमांत मुभा आहे, राज्यांचे नियम कुठे त्याहून कडक, कुठे नाहीत.

यात बेकायदा काही नाही आणि अशा यादीतल्या वाईन वाईटच असतात असंही नाही. फक्त त्या त्या स्वयंपाकघरासाठी निवडलेल्या नसतात. तीच यादी विमानतळावरच्या हॉटेलात आणि मॉलमधल्या स्टेकहाउसमध्येही चालली असती.

ओळखायचं कसं? यादीतली बहुतेक नावं तुम्ही कॉस्टकोत किंवा सुपरमार्केटच्या फळीवर बघितलेली आहेत का ते पाहा. मेओमीची पिनो न्वार, सान्ता मार्गेरिताची पिनो ग्रिजो, कायमसची कॅबर्ने असं सगळं ओळखीचं निघालं तर यादी बाहेरून आली असण्याची शक्यता दाट. एखादं असं नाव असणं मात्र ठीक आहे. सासऱ्यांना कायमसच हवी असते आणि शहाणा मालक त्यांना नाराज करत नाही. प्रश्न उरलेल्या ओळींचा आहे.

एक ओळ नीट वाचू

समजा यादीत या दोन ओळी आहेत. पहिली: ‘पिनो न्वार, कॅलिफोर्निया, 52’. दुसरी: ‘मॉर्गों, कोत द्यु पी, ज्याँ फोइयार, बोजोले, फ्रान्स, 2021, 92’.

पहिल्या ओळीत द्राक्षाची जात आहे, राज्य आहे आणि किंमत आहे. बनवली कोणी, कुठल्या साली, कॅलिफोर्नियाच्या कुठल्या भागात, काही नाही. अमेरिकी नियमाप्रमाणे लेबलवर द्राक्षाची जात लिहायची तर बाटलीत त्या जातीचं प्रमाण किमान 75 टक्के लागतं, म्हणजे उरलेल्या पावात दुसरी द्राक्षं असू शकतात. (ओरेगन राज्याने बहुतेक जातींसाठी ही अट 90 टक्के ठेवली आहे, म्हणून ‘ओरेगन पिनो न्वार’ या शब्दांना थोडं जास्त वजन.) नुसतं ‘कॅलिफोर्निया’ असेल तर द्राक्षं राज्यात कुठूनही आलेली असू शकतात, अगदी मधल्या खोऱ्यातल्या तापलेल्या सपाटीवरूनही, जिथे पिनो न्वारसारख्या थंडीत खुलणाऱ्या जातीचं फारसं भलं होत नाही. त्याऐवजी ‘रशियन रिव्हर व्हॅली’ किंवा ‘सान्ता रिटा हिल्स’ असं ठराविक भागाचं नाव असेल तर त्यातली किमान 85 टक्के द्राक्षं त्याच भागातली असावी लागतात. ही भागवार नोंदणी अमेरिकेत 1980 साली सुरू झाली. पहिला मान कॅलिफोर्नियातल्या सुप्रसिद्ध नापा खोऱ्याला नव्हे तर मिझुरी राज्यातल्या ऑगस्टा या गावाला मिळाला. नापाचा नंबर 1981 मध्ये लागला.

आता दुसरी ओळ. मॉर्गों हे बोजोलेमधलं गाव, कोत द्यु पी ही तिथली नावाजलेली टेकडी, ज्याँ फोइयार हा वाईन बनवणारा आणि 2021 हे द्राक्ष तोडणीचं साल. यातलं एकही नाव तुम्हाला माहीत नसलं तरी एक गोष्ट स्पष्ट दिसते: ओळ लिहिणाऱ्याला ती बाटली माहीत आहे. टेकडीचं नाव लिहिण्याचा त्रास कोणी उगाच घेत नाही.

साल नसणं, किंवा साल एक लिहिलेलं आणि बाटली दुसऱ्याच सालाची येणं, ही निष्काळजीपणाची खूण. मंगळवारी संपलेल्या सालाच्या जागी बुधवारी पुढचं साल आलं असेल तर ते समजून घेता येतं, पण सर्व्हरने बाटली दाखवताना आपण होऊन तसं सांगायला हवं. न सांगता उघडली तर ती यादी बरेच दिवस कोणी वाचलेली नाही असं समजावं.

पैशाचं गणित

इथे जरा थांबू, कारण अमेरिकेत राहणाऱ्या बहुतेकांचा खरा वैताग हाच असतो: दुकानात 20 डॉलरला दिसलेली बाटली इथे 50 ला का?

ढोबळ हिशोब असा. वितरकाकडून रेस्टॉरंटला एखादी बाटली 14 डॉलरला पडली तर दुकानात ती साधारण 20-21 ला असते. रेस्टॉरंट घाऊक किमतीच्या अडीच ते तीन पट लावतं, म्हणजे 35 ते 42. मोठ्या शहरात, भाडं चढं असेल तिथे, साडेतीन पटही. म्हणजे दुकानातल्या किमतीच्या दुप्पट हा सर्वसाधारण दर. त्यात काचेचे ग्लास, ते फुटणं, साठवणीची जागा, सर्व्हरचा वेळ आणि स्वयंपाकघराचा तोटा भरून काढणं, सगळं आलं. अन्नावर रेस्टॉरंटला फारसं सुटत नाही, कमाई पेयांवर असते. तेव्हा दुप्पट दिसली की लूटमार म्हणून ओरडू नये. दुकानाच्या तिप्पट झाली की भुवया वर करायला हरकत नाही. फोनवर वाईन-सर्चरसारख्या साइटवर दुकानातला भाव दोन मिनिटांत कळतो. टेबलाखाली फोन धरून बघण्यात लाज कसली?

एक मेख मात्र आहे. काही वाईन फक्त रेस्टॉरंटांसाठीच काढल्या जातात, दुकानात त्या मिळतच नाहीत, त्यामुळे तुलना करायला भावच नसतो. अख्ख्या यादीत एकाही बाटलीचा दुकानातला भाव सापडत नसेल, तर दोन शक्यता: एकतर निवडणारा फार बारकाईने छोट्या उत्पादकांकडून माल आणतो, किंवा तुम्ही तुलना करू नये अशीच व्यवस्था आहे. पहिल्या प्रकारात उत्पादकाचं नाव शोधलं की त्याची वाईनरी, त्याची जमीन, त्याचा आयातदार असं काहीतरी सापडतं. दुसऱ्या प्रकारात एक गोड नाव आणि छान लेबल, बाकी शून्य.

चांगल्या यादीची माझी आवडती खूण म्हणजे वर जाताना पट कमी होत जाणं. 15 डॉलरच्या बाटलीवर तीन पट लावली तर 45, म्हणजे रेस्टॉरंटला सुटले 30. 80 डॉलरच्या बाटलीवरही तीनच पट लावली तर 240, आणि ती कोणी घेत नाही. तीच दोन पटीने 160 ला ठेवली तर रेस्टॉरंटला 80 सुटतात आणि गिऱ्हाइकाला भारी वाईन बेताच्या नफ्यावर मिळते. विचार करणारा माणूस अशी किंमत लावतो. सरसकट सगळ्यांवर एकच पट म्हणजे किंमत कॅल्क्युलेटरने लावली.

‘यादीतली दुसऱ्या नंबरची स्वस्त वाईन कधी घेऊ नये’ असं बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. तर्क असा की सर्वांत स्वस्त मागवायला लाज वाटते, लोक एक पायरी वर चढतात, आणि मालक तिथेच सापळा लावून बसतो. डेव्हिड डी मेझा आणि विक्रम पठानिया या अर्थतज्ज्ञांनी लंडनमधल्या रेस्टॉरंटांच्या याद्या घेऊन हे तपासलं, तेव्हा चित्र वेगळं निघालं: दुसऱ्या नंबरवर खास जास्त टक्के लावलेले नव्हते, सर्वाधिक टक्के यादीच्या मधल्या पट्ट्यात होते. लंडनची आकडेवारी जशीच्या तशी शिकागोला लावता येणार नाही, पण दुसऱ्या नंबरच्या बाटलीला घाबरायचं कारण नाही, एवढं खरं. आणि सांभाळून केलेल्या यादीत सर्वांत स्वस्त वाईनसुद्धा कोणीतरी जपून निवडलेली असते. तिचीच विक्री जास्त, तेव्हा आब्रूही तिचीच पणाला लागलेली.

ग्लासचा मामला

ग्लासवर मिळणाऱ्या आठ-दहा वाईन हा यादीचा सगळ्यांत बोलका भाग. बाटली 750 मिलिलिटरची. 5 औंसाचा, म्हणजे साधारण 150 मिलिलिटरचा ग्लास भरला तर पाच ग्लास होतात, 6 औंसाचा भरला तर चार आणि वर थोडी. रूढ हिशोब असा की पहिल्याच ग्लासच्या किमतीत बाटलीची घाऊक किंमत वसूल व्हावी, कारण उरलेली दोन दिवसांत विकली गेली नाही तर मोरीत ओतावी लागते. म्हणून ग्लासवर नेहमीच महाग पडतं. दोघांनी मिळून तीन ग्लास तीच वाईन प्यायची असेल तर बाटलीचा भाव आधी बघावा. बऱ्याच ठिकाणी बाटली चार ग्लासांच्या किमतीला असते आणि उरलेली बूच लावून घरी नेऊ देतात. बहुतेक राज्यांत त्याला कायद्याची परवानगी आहे, गाडीत मात्र ती डिकीत ठेवायची.

ग्लासच्या यादीत विविधता हवी ती चवीची. शार्दोने, पिनो ग्रिजो आणि सोव्हिन्यों ब्लाँ अशा तीन पांढऱ्या, आणि कॅबर्ने, मर्लो, पिनो न्वार अशा तीन लाल, ही नावं सहा असली तरी कल्पना एकच आहे: गिऱ्हाइकाला आधीच माहीत असलेलं द्या. त्याऐवजी एक ओकच्या पिंपाचा वास असलेली शार्दोने, एक काटेकोर आंबट मस्कादे, फिंगर लेक्सची कोरडी रीस्लिंग, एक हलकी लाल जी जरा गार करून देतात आणि एक भरदार लाल असं दिसलं, की कोणीतरी जेवणाचा विचार केलेला आहे.

‘ही बाटली कधी उघडली?’ हा प्रश्न ग्लास मागवताना जरूर विचारावा. उद्धटपणा मुळीच नाही. चांगल्या ठिकाणी सर्व्हर उत्तर देतो किंवा बघून येतो आणि बऱ्याचदा आधी घोटभर चाखायला आणतो. भारी वाईन ग्लासवर दिसल्या तर कोराव्हिन वापरतात का तेही विचारा. 2013 साली बाजारात आलेल्या या यंत्रात बारीक सुई बुचातून आत जाते, वाईन बाहेर येते आणि तिच्या जागी आर्गॉन वायू भरला जातो, त्यामुळे बूच न काढता आठवडेच्या आठवडे बाटली टिकते.

गाडी चालवणार असाल तर आणखी एक हिशोब लक्षात ठेवा. अमेरिकेत एक प्रमाणित पेय म्हणजे 12 टक्के अल्कोहोलची 5 औंस वाईन. पासो रोब्लेसची 15 टक्क्यांची झिनफँडेल 6 औंस भरली की दिसायला एकच ग्लास, पोटात दीड. बहुतेक राज्यांत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 0.08 टक्के आहे, युटामध्ये 0.05.

नावाचे पैसे आणि चवीचे पैसे

काही नावं खपतातच, आणि म्हणून भाव खातात. नापा कॅबर्ने, सान्सेर, शाब्ली, शँपेन, प्रोवाँसची रोझे, म्हणजे गुलाबी वाईन. सान्सेर हे फ्रान्समधल्या ल्वार नदीकाठचं गाव. तिथली सोव्हिन्यों ब्लाँ सुरेख असते, पण हल्ली अमेरिकेतल्या प्रत्येक टेबलावर कोणीतरी ‘सान्सेर आहे का?’ विचारतंच. चांगला निवडणारा सान्सेर ठेवतो आणि तिच्या शेजारी, पंधरा डॉलर कमी भावाने, पलीकडच्या मेनेतू-सालों गावचीही ठेवतो. जात तीच, माती बरीचशी तशीच, नाव कमी ऐकलेलं. ही जोडी यादीत दिसली की मी निर्धास्त होतो.

नापाचं उदाहरण आकड्यांत बघा. नापा परगण्यातल्या कॅबर्ने द्राक्षांचा सरासरी भाव अलीकडच्या वर्षांत टनाला 8000 डॉलरच्या वर आहे. एका टनातून साधारण 700 बाटल्या निघतात. म्हणजे बाटलीत 11 डॉलरची नुसती द्राक्षं. फ्रेंच ओकचं पिंप, दोनेक वर्षं साठवण, काच, बूच, मजुरी, वितरकाचा वाटा हे सगळं त्यावर. मग यादीत ‘नापा कॅबर्ने, 48 डॉलर’ दिसली तर ती कशातून बनली असेल? सरासरीच्या खालच्या द्राक्षांतूनच. त्या 48 डॉलरमध्ये वॉशिंग्टन राज्याच्या कोलंबिया व्हॅलीची कॅबर्ने, स्पेनमधल्या रिओहाची रेझेर्वा किंवा पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली लाल घेतली तर त्या त्या प्रदेशातला बरा माल पदरात पडतो. नापा प्यायचीच असेल तर खिसा सैल सोडावा, नाहीतर दुसरीकडे वळावं. मधला मार्ग इथे फसवा आहे.

फेसाळत्या वाईनचंही तसंच. शँपेन परवडत नसेल तर फ्रान्सच्याच इतर भागांतली क्रेमाँ बघावी. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याची तीच रीत, भाव बराच कमी.

नाशिकची शेनिन ब्लाँ पिऊन ज्यांची जीभ घडली आहे त्यांच्यासाठी एक सूचना. आपल्याकडची शेनिन बहुधा किंचित गोडसर असते. (नाशिक आणि कॅलिफोर्नियाचं नातं जुनं आहे. सुलाचे राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले आणि त्यांना सुरुवातीपासून सल्ला देणारे केरी डॅम्स्की सोनोमाचे.) ल्वारची शेनिन मात्र कोरडी ठाक आणि आंबटही असू शकते. वूव्रे हे नाव दिसलं तर गोड की कोरडी ते विचारूनच मागवा, त्या गावात दोन्ही होतात.

स्वयंपाकघराशी जमतं का

यादी एकटी वाचू नये, मेन्यू शेजारी ठेवून वाचावी. झूनी कॅफेमध्ये विटांच्या भट्टीत भाजलेली दोघांसाठीची कोंबडी ब्रेड सॅलडबरोबर येते. कुरकुरीत कातडी, कोंबडीच्या रसात भिजलेला पाव, कडसर पाला, व्हिनेगर. अशा थाळीपुढे 15 टक्क्यांची कॅबर्ने ठेवली तर कोंबडीची चव हरवते आणि व्हिनेगरपुढे ती वाईनही कडवट लागते. इथे हवी आंबटपणा असलेली, हलक्या अंगाची वाईन: बोजोले, बार्बेरा किंवा थोडं वय झालेली शेनिन. आता कल्पना करा की मेन्यूवर मासा, कोंबडी आणि भाज्याच जास्त आहेत आणि वाईनच्या यादीत निम्म्या बाटल्या नापाच्या जड लाल. आचारी एक जेवण वाढतोय, यादी भलत्याच जेवणाची आहे.

शाकाहारी माणसाला वाईनवाले हमखास ‘काहीतरी पांढरी’ देऊन वाटेला लावतात. ते ऐकायची गरज नाही. मशरूम असतील तर विलामेट व्हॅलीची पिनो न्वार बेष्ट. ओरेगनच्या या खोऱ्यात डेव्हिड लेट यांनी साठच्या दशकात पिनोची रोपं लावली तेव्हा जाणकार त्यांना वेड्यात काढत होते. टोमॅटो असेल तर इटलीची आंबटसर लाल. अ‍ॅस्परॅगस आणि आर्टिचोक या भाज्या वाईनच्या मुळावर येतात, त्यांच्याबरोबर ऑस्ट्रियाची ग्र्यूनर फेल्टलिनर बऱ्यापैकी निभावते. मॅक अँड चीज, तळलेली कोंबडी, तळलेलं काहीही असेल तर फेसाळती घ्यावी, तिचा आंबटपणा तेल कापतो. तिखट असेल तर तुरट लाल टाळावी, तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही मिरची भडकवतात. किंचित गोड रीस्लिंग तिथे शहाणपणाची.

यादी किती मोठी असावी? अशा वस्तीतल्या रेस्टॉरंटला चाळीस-पन्नास बाटल्या पुष्कळ झाल्या. चारशे ओळींची जाड फाइल पाहून दबून जाऊ नये. चारशे बाटल्या म्हणजे अडकलेलं भांडवल, साठवणीला गार खोली आणि रोज मोजदाद. ते सांभाळणारा पूर्णवेळ सोमेलिये, म्हणजे रेस्टॉरंटमधला वाईनचा जाणकार, असेल तर ठीक, नसेल तर त्यातल्या पन्नास ‘आज नाहीयेत’ आणि बाकीच्या स्वयंपाकघराच्या उष्णतेत म्हाताऱ्या होत आहेत.

दारावर पुरस्काराची पाटी असेल तर तिचं काय? वाईन स्पेक्टेटर हे मासिक 1981 पासून रेस्टॉरंटांच्या याद्यांना पुरस्कार देतं. 2008 साली रॉबिन गोल्डस्टीन या लेखकाने मिलान शहरात ‘ओस्तेरिया लिंत्रेपिदो’ नावाचं रेस्टॉरंट असल्याचं भासवलं, 250 डॉलर फी भरली आणि यादी पाठवली. तिच्यातल्या खास राखीव भागात त्याने याच मासिकाने धुडकावलेल्या वाईन भरल्या होत्या. रेस्टॉरंट अस्तित्वातच नव्हतं, पुरस्कार मात्र मिळाला. मासिकाने बचावात सांगितलं की आम्ही यादी तपासतो, प्रत्येक ठिकाणी जात नाही. सगळ्या पाट्या पोकळ असं यावरून म्हणता येणार नाही, वरच्या दर्जाच्या पुरस्कारांना कसोट्या बऱ्याच कडक आहेत. पण खालच्या पायरीच्या पाटीकडे बघून पाकीट उघडू नये.

विचारायचं कसं

जाणकार असल्याचा आव आणण्यापेक्षा तीन गोष्टी सांगाव्यात: काय खाणार, कशी वाईन आवडते, किती खर्च करायचा. ‘फार तुरट नको, आंबट चालेल’ इतकं मराठमोळं वर्णनही पुरतं. पाहुण्यांसमोर बजेट उच्चारायचं नसेल तर यादीतल्या एखाद्या किमतीवर बोट ठेवून ‘साधारण अशा प्रकारची’ म्हणावं. प्रकाराचं नाव आणि बोट किमतीवर, ही खूण सर्व्हर लोकांना बरोबर कळते. त्यानंतर तो त्याच भावाची किंवा त्याहून स्वस्त सुचवतो की दुप्पट किमतीच्या पानावर जातो, यावरून ते रेस्टॉरंट पुरतं कळतं.

बाटली आल्यावर घोटभर ओतून देतात ते वाईन आवडली का विचारण्यासाठी नसतं. ती खराब झालेली नाही ना, हे बघायचं असतं. बुचातल्या टीसीए नावाच्या रसायनाने वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा, दमट तळघराचा वास येतो. तसा आला तर निःशंक परत करावी. चांगलं ठिकाण वाद न घालता दुसरी आणतं, वितरकाकडून भरपाईही बहुधा मिळते. वास घेतला, ठीक वाटलं, मान डोलावली, संपलं. आणि लाल वाईन कोमट आली तर बर्फाची बादली मागावी. अमेरिकी रेस्टॉरंटांत लाल वाईन बारच्या मागे 24-25 अंशांत उभी असते, ती प्यायची असते 16-18 ला. दहा मिनिटं बर्फात ठेवल्याने कोणी हसत नाही. हसलंच तर ते ठिकाण तुमच्या उपयोगाचं नाही.

बिलाचा अंदाज बांधताना यादीतला आकडा शेवटचा धरू नका. 60 डॉलरच्या बाटलीवर राज्याप्रमाणे 8-9 टक्के विक्रीकर आणि 20 टक्के टिप धरली की 77 होतात.

आपली वाईन घेऊन जायची असेल तर नियम राज्याप्रमाणे बदलतात. कॅलिफोर्नियात बहुतेक जागी चालतं, बाटली उघडण्याचे 25 ते 50 डॉलर घेतात. ज्या वाईन त्यांच्या यादीत आहेत त्याच नेऊ नयेत आणि सर्व्हरला घोटभर चाखायला द्यावी, एवढी रीत पाळली की कोणाची तक्रार नसते. न्यू जर्सीत गंमत वेगळी. तिथे दारूचे परवाने लोकसंख्येला बांधलेले, साधारण 3000 रहिवाशांमागे एक, त्यामुळे जुना परवाना विकत घ्यायला लाखो डॉलर मोजावे लागतात. परिणामी उत्तम स्वयंपाक करणारी कितीतरी रेस्टॉरंटं परवान्याशिवायच चालतात आणि गिऱ्हाईक पिशवीतून आपली बाटली आणतं. परवाना नसलेल्या अशा ठिकाणी बाटली उघडण्याचे पैसे घ्यायला कायद्याने मनाई आहे. एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे चांगलं ठाऊक असतं. दुकानातून 25 डॉलरची क्रेमाँ किंवा मॉर्गों गार करून न्यायची, जाताना फोन करून पुरेसे ग्लास आहेत का विचारायचं, आणि टिप देताना मेजवानी वाढणाऱ्याने बाटलीही वाढली आहे हे धरून द्यायची.